किनाऱ्यावरची न्याहारी

रविवारी चर्चच्या पडवीत मुलांना धर्मशिक्षण देताना इनास फर्नांडिसचं तोंड आवरत नाही. एरवी रापणीच्या मोठ्या जाळ्यावर मासे ओढणारा हा गडी मुखदुर्बळच. पण येशूचा शिष्य पेत्र आपल्यासारखाच मासेमारी करणारा होता हे सांगताना असा फुलतो, की वाटावं पेत्र त्याचा सख्खा चुलता!

"पेत्र आणि तेचे सोबती जाळी टाकून उठले आणि शुभवर्तमान सांगीत गावोगाव फिरले," तो मुलांना सांगतो. "मार खाल्ल्यानी, तुरुंगात गेले, पण गप रवले नाय. आपणाकय तीच आज्ञा आसा."

मुलं माना डोलावतात. ती आज्ञा पाळायची वेळ स्वतः इनासवर कधी आली नव्हती. ती आली परवाच्या सोमवारी, भर सकाळी, मालवणच्या वाळूत.

रापणीचं जाळं दोरीने किनाऱ्यावर ओढणं चाललं होतं. दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा, मग तो कोणीही असो, हा इथला रिवाज. म्हणून मासे विकणारी म्हातारी सुभद्रा इनासच्या मागे दोरी धरून उभी होती. तिचा मुलगा दीपेश गेल्या वर्षी समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. ओढता ओढता तिने विचारलं,

"इनासबाब, काल चर्चकडसून जाताना आयकलंय. तुमचो येशू म्हणे किनाऱ्यार इस्तव पेटवन, मासे भाजून होडयेवाल्यांची वाट बघीत होतो. खरा रे ता? माझ्या दीपेशाची पण थंय कोण अशी वाट बघता?"

ही गोष्ट इनासला तोंडपाठ. रात्रभर काही न मिळालेले, दमलेले कोळी, पहाटेचा किनारा, आणि 'या, न्याहारी करा' ही हाक. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात दोरीवर पुढे असलेला होडीचा तांडेल परशुराम मान वळवून त्याच्याकडे बघू लागला. दोरीवरची सगळीच माणसं गप्प झाली. उद्या कोणी म्हणालं, म्हातारीला बाटवतोय, तर?

"ती पोरांची गोष्ट गे," इनास ओशाळं हसला. "माका तरी खंय काय कळता?"

"बरा," म्हणून सुभद्रा दोरी ओढू लागली.

इनासचे कान शरमेने तापले. पेत्रानेही घाबरून आपण येशूला ओळखत नाही असं सांगितलं होतं, पण तो निदान नंतर बाहेर जाऊन रडला तरी. हा पठ्ठ्या नुसता ओढत राहिला.

वाटे घालायचं काम इनासकडेच असतं. सुभद्राच्या बांगड्यांवर त्याने गुपचूप एक महागडा सरंगा ठेवला. तिने तो उचलून परत ढिगात टाकला.

"माझो वाटो बांगड्यांचो. आणि मी मागलंय ते मासे न्हयत, बाबा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर इनासला बरं वाटलं असतं. टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

जाळं धुताना परशुराम शेजारी येऊन बसला. इनासला वाटलं, आता हजेरी घेणार. तो जाळ्यातला कचरा काढू लागला.

"म्हातारेक सांगशीत म्हणान आमी सगळे गप रवलव," तो म्हणाला. "माका पण आयकूची होती रे ती गोष्ट. दीपेश माझ्याच होडयेर होतो."

इनासची मान वर झाली नाही.