हबीब पिंजाऱ्याच्या कमानीचा इलाज

भद्रकालीच्या देवळाजवळ हबीब पिंजारी ओसरीवर बसून गाद्यांचा कापूस पिंजायचा. छताला टांगलेली लांबलचक कमान, तिला ताणून बांधलेली आतड्याची तात आणि तातीवर पडणारा लाकडी ठोकळा. दिवसभर टणंग, टणंग चालायचं आणि मधूनमधून हबीबच्या शिंका.

चौतीस सालच्या थंडीत तांबट आळीतले खंडेरावशेठ दबलेली गादी घेऊन आले. त्यांचा उजवा खांदा सहा महिने आखडला होता, हात छातीच्या वर जाईना. फेटा बायको बांधायची आणि तो डाव्या कानावर उतरायचा. दमलेले शेठ कमानीच्या दांड्याला खांदा टेकून उभे राहिले. हबीबचं लक्ष नव्हतं. त्याने ठोकळा हाणला आणि शेठ शेंडीपासून टाचेपर्यंत थरथरले.

"माफ करा शेठ! लागलं?"

"लागलं नाही रे. थांबू नकोस! आत काहीतरी सुटतंय."

हबीब घाबरला, पण शेठ हटेनात. मग त्याने शेठच्या खांद्यावर घोंगडीची घडी ठेवली, तिच्यावर दांडा टेकवला आणि हलक्या हाताने तात छेडली. थरथर मुरली तसा शेठचा हात जरासा वर गेला.

"दुखलं की बोला. तिथंच थांबू. कापूस काय, खांदा काय, ओढला की तुटतो."

शेठ रोज येऊ लागले. हात हनुवटीला लागला, मग मिशीला. एकविसाव्या दिवशी त्यांनी स्वतः फेटा बांधला. तो उजव्या कानावर उतरला, पण शेठ आळीभर मिरवून आले.

झालं! कोणी गुडघा घेऊन येई, कोणी मनगट. हबीबला नाही म्हणता येईना. पिंजायच्या राहिलेल्या गाद्यांचा ढीग छताला लागला आणि कमाई थांबली, तेव्हा त्याची बायको ताहेरा दारात उभी राहिली.

"ज्याला दुखणं दाखवायचंय त्याने गादी आणायची. रिकाम्या हाताने कोणी यायचं नाही!"

निम्मी गर्दी पांगली. सिन्नरचा चिमाजी मात्र लंगडत पुढे आला आणि त्याने तान्ह्या नातवाची वीतभर उशी पुढे केली.

ताहेराने ती उलटीपालटी करून पाहिली. "एवढ्याशा उशीत फार तर करंगळी बरी होईल."

"लय लांबून आलोय, भाभी. गुडघा वाकतच नाय."

हबीबने हसू दाबलं, तर शिंक आली. ताहेराने कपाळाला आठ्या घातल्या, उशी ढिगावर फेकली आणि चिमाजीला बसायला बाज पुढे ओढली.