हळदीचा डाग

सौंसरच्या शाळेत मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत कोणाचं वाजलं की त्या म्हणायच्या, "पीएच सातावर या, बाई. ना आम्ल, ना क्षार." चिडलेलं माणूसही मग हसायचं.

त्यांच्या धाकट्या बहिणीच्या हळदीला मी पांढुर्ण्याला गेले होते. नवरीच्या पांढऱ्या पातळावर हळदीचा डाग पडला. कोणीतरी त्यावर साबण घासला, तर डाग रक्तासारखा लाल झाला.

"अपशकुन झाला वं माय!" नवऱ्याकडच्या बायका कुजबुजल्या. नवरी रडायलाच लागली.

मॅडमनी शांतपणे डागावर लिंबू पिळलं. "साबणात क्षार असते, त्यानं हळद लाल होते. आता आंबट लागलं. पाहा, पिवळी होऊन राहिली." डाग खरंच पिवळा झाला. बायका खुदखुदल्या.

बहिणीनं आनंदानं उरलेली हळद मॅडमच्या गालाला फासली, आणि मांडवातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नवरीची उष्टी हळद लागली की लग्न लवकर जमतं म्हणतात, आणि चाळिशी आली तरी मॅडमचं लग्न झालं नव्हतं.

जेवणाआधी नळावर मी त्यांच्यापुढे साबण धरला. त्यांनी बोटांनी गाल हलकेच चाचपला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, "आजच्या दिवस."