आकडा मोठ्यानं सांगायचा नाही

आमच्या शिरूर कासारच्या सेवा केंद्रात एक रीत होती. मोबाईलवर ओटीपी आला की रांगेतूनच ओरडून सांगायचा, आणि केंद्रवाला तो संगणकात टाकायचा. त्या दिवशी ऊसतोडीला निघालेल्यांची रेशनकार्डाच्या कामासाठी गर्दी होती. माझ्यापुढे एक बाई होती, डोक्यावर पदर, मोबाईल मुठीत घट्ट.

"मावशी, आकडा सांगा लवकर!" केंद्रवाला ओरडला.

"न्हाई सांगत. मीच टाकते."

"मी काय चोर हाय का?"

"तू न्हाईस रे बाबा, पण इथं कान लई हायत. मागल्या साली आमी कारखान्यावर गेलतो, अन् इथं ऐकलेल्या आकड्यावर आमचं रेशन भलत्यानंच उचललं. घराला कुलूप लावून किल्ली गावभर दाखवत हिंडू का?"

रांग हसली. ती मात्र टेबलाला वळसा घालून गेली आणि मोबाईल पदराआड धरून संगणकाची एकेक कळ शोधून दाबू लागली. पडद्यावर हिरवी खूण उमटली, तेव्हा मला टाळीच वाजवावीशी वाटली. देशभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्याचं आमच्याकडचं टोक तिनं राखलं होतं.

तेवढ्यात मागच्या म्हाताऱ्याचा मोबाईल वाजला. तो सवयीनं "आठ, तीन..." ओरडू लागला, आणि अख्खी रांग त्याच्यावर खेकसली, "बाबा, गप!"