मेरीचं माहेर

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या लायब्ररीत माझ्या शेजारी रोज एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या अमेरिकन पूर्वज बाईचं माहेर त्या शोधत होत्या. जुन्या नोंदींत ती नुसती ‘मेरी, जॉनची बायको’. अशा मेरी ढिगानं सापडत.

“आजची मेरी फार भांडकुदळ आहे. माझीच असणार!” म्हणून त्या खूश होत. दुसऱ्या दिवशी ती भलत्याच कुणाची तरी निघे.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, “आमच्याकडे तर लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे.”

त्यांनी लगेच विचारलं, “मग तुझ्या आजीचं आधीचं नाव काय?”

मला माहीत नव्हतं. घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी, पण हे कधी विचारलंच नव्हतं. बाहेर जाऊन बाबांना फोन केला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी आजीच फोनवर आली.

“द्वारका,” ती म्हणाली. “का रे, तिकडं कुणी मला शोधतंय का?”

आत येऊन मी बाईंना नाव सांगितलं. त्यांनी इतक्या जोरात टाळी वाजवली, की सगळी लायब्ररी वळून बघू लागली.

“चला, एक तरी सापडली!”