बांधावरचा कुर्डू

वडिलांचं पोस्टकार्ड देवपूरच्या वसतिगृहात पोचलं, तेव्हा नानांना जाऊन दोन दिवस झाले होते. नाना माझे थोरले चुलते. आमच्या घरातून कॉलेजात पहिला मीच गेलो, आणि त्याचा सर्वांत जास्त आनंद त्यांना होता. आता दीड महिना होत आला, तरी अभ्यासाला बसलो की मी उठतो, खिडकीशी जातो, परत येतो...

पांझरेकाठी त्यांचा गिलक्यांचा, म्हणजे घोसाळ्यांचा, मळा होता. बांधावर ते मुद्दाम कुर्डू वाढू देत. गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचं हे तण लोक निंदणीत आधी उपटतात. शेजारी चिडवत, "नाना, अवंदा बी तणच पेरं का?" नाना नुसते हसत. तुऱ्यांवर दिवसभर मधमाश्या असत आणि तिथून त्या गिलक्यांच्या फुलांवर जात. मला हे कधी दिसलंच नव्हतं. पोळ्याच्या सुट्टीत, नाना बाजाराला गेले असताना, शिकलेल्या पुतण्यानं काहीतरी करून दाखवावं म्हणून मी सगळा बांध साफ केला. एक रोप ठेवलं नाही. नाना आले, बांधाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हात धू. जेवाले चाल."

मी निघायच्या दिवशी सकाळी ते वेलांत वाकलेले दिसले. नर फूल तोडून एकेका मादी फुलाला लावत होते.

"नाना, हे काय?"

"माशी येत नही. आते मीच माशी शे."

कुर्डू एका सालाचा. बी पडण्याआधी उपटला की पुढच्या वर्षी उगवत नाही, हेही तेव्हाच कळलं. दिवाळीत त्यांनी तंबाखूची डबी माझ्या हातात ठेवली. तीत कुणाच्या तरी पडीक रानातून आणलेलं कुर्डूचं बी होतं. "पुढला साल तूच टाक." मी मान हलवली. चुकलो, एवढं म्हणायचं होतं, पण ते राहूनच गेलं.

दशक्रियेनंतर मी वडिलांकडे बांधावर जागा मागितली.

"कुर्डू पेराले कॉलेजमा धाडं का तुले? नानानी सोता उपटा व्हता. बठ्ठा गावले सांगे तो, मीच उपटा म्हणून."

"नाही आबा. मी उपटला."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कितली जागा लागी?"

डबी माझ्या टेबलावर आहे. बी बारीक, काळं, चमकदार. पावसाळा अजून लांब आहे, आणि मी रोज झाकण उघडून पाहतो.