स्वतंत्र स्वयंपाक

मानेवाड्याच्या बाबाराव काळबांड्यांचं उभं आयुष्य विजेचे मीटर वाचण्यात गेलं, आणि त्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही आकडा लिहिला नाही. अंगणात कुत्रं सुटलेलं असो की मे महिन्यातलं ऊन डोक्यावर असो, ते काचेला डोळा लावत. दाराला कुलूप असलं तर ‘कुलूप’ असं लिहीत, अंदाज ठोकत नसत. याबद्दल त्यांना कधी बढती मिळाली नाही आणि शिक्षाही झाली नाही. प्रामाणिक माणसाची आपल्याकडे साधारण एवढीच दखल घेतली जाते.

त्यांचा दुसरा हट्ट चुलीचा होता. काटोलकडच्या गावात बापाच्या घरी थोरल्या भावाशी कशावरून तरी बिनसलं आणि एका सकाळी वहिनीने सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, वेगळी चूल मांडली. भांडण कशाचं होतं हे पुढे दोघा भावांनाही आठवेना. चूल मात्र राहिली. आई दोन्हीकडे पाहुणी झाली. कोणाच्याही ताटावर बसली की घास उचलण्याआधी विचारायची, “तुम्हाले पुरते ना?”

बाबाराव नागपूरला आले ते हा प्रश्न कानात घेऊन. मानेवाड्याला घर बांधताना मिस्त्री म्हणाला, “साहेब, समोरच्या खोलीत पण ओटा काढून ठेवू काय? उद्या भाडेकरू ठेवता येईन.”

“नाही,” बाबाराव म्हणाले. “या घरात एकच चूल राहीन.”

तशी ती राहिली. पत्नी शोभाताई गेल्या, तरी सून हिमानीने मोडू दिली नाही. बाबाराव समोरच्या खोलीत झोपत आणि जेवायला मागे, दुर्गेश-हिमानीच्या टेबलावर, भिंतीकडच्या खुर्चीत बसत. रविवारी गोळाभात, बेसनाचे गोळे घालून शिजवलेला. त्यावर कडकडीत तेल ओतायचं काम त्यांचं. यापेक्षा जास्त सुखाची त्यांची मागणी नव्हती, म्हणून ते त्यांना सुख वाटतही नव्हतं.

मुलगा दुर्गेश एका कंपनीत हिशेब सांभाळायचा. पगारात घरभाडे भत्ता होता. राहतं घर बापाच्या नावावर. ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की बापाला भाडं दिलं तर त्या भत्त्यावरचा कर वाचतो, बापाच्या घरात राहून वाचतो, आणि हे सगळं कायद्यात बसतं. दुर्गेशने रीतसर करार करायचं ठरवलं. कागद तयार करायला केशव आला. तो कोर्टाजवळ बसून लोकांची कराची विवरणपत्रं भरून द्यायचा.

“काका, एकदम कायदेशीर आहे,” केशव म्हणाला. “फक्त भाडं खरंखुरं पाहिजे.”

हा शब्द त्याने बाबारावांसमोर वापरायला नको होता. त्यांनी चष्मा लावला आणि करार पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिसऱ्या परिच्छेदावर बोट थांबलं. घरमालक समोरच्या खोलीत स्वतंत्र राहतात व स्वतंत्र स्वयंपाक करतात.

“स्वतंत्र स्वयंपाक कोण करते?”

“तुम्ही.”

“मी कधी केला गा?”

“काका, करायचा नसते. लिहायचा असते.”

“कोणी पाहाले येते काय?”

“कोणी नाही येत. त्याईले काय दुसरे धंदे नाही, तुमची खिचडी पाहाले येतीन?”

“मंग लिहून काहून राहिला?”

“आलाच एखादा, तर असावं म्हणून.”

दुर्गेश हसला. बाबाराव हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं. “सही करतो,” ते म्हणाले, “पण चार दिवस थांब.”

त्या चार दिवसांत त्यांनी मिस्त्री आणला आणि समोरच्या खोलीत खिडकीखाली कडप्प्याचा ओटा बसवून घेतला. माळ्यावरून शोभाताईंची जुनी दोन बर्नरची शेगडी काढली आणि घरातलं जादाचं सिलिंडर जोडलं. भावाच्या घरात जी चूल रागाने मांडली गेली होती, ती इथे बाबारावांनी शांतपणे मांडली, आणि कडप्पा सरळ बसला की नाही ते वाकून पाहिलं.

“बाबा, तुम्ही हे काय करून राहिले?” दुर्गेश म्हणाला. “लोक काय म्हणतीन?”

“लोकं सही नाही करून राहिले. मी करून राहिलो. हप्त्यातून एकदा खिचडी टाकीन, म्हणजे खोटं होत नाही. जेवाले मागंच येईन.”

मग त्यांनी सही केली. मीटर पाहून आकडा लिहावा, तशी.

भाड्याचंही तेच. इतर घरांत असं भाडं सकाळी बापाच्या खात्यात जातं आणि संध्याकाळी मुलाच्या खिशात परत येतं. हिमानीने तसंच धरलं होतं. बाबारावांनी परत दिलं नाही. “परत देल्लं तर ते भाडं कसं?” ते म्हणाले. “माह्यामागं तुमचंच आहे सारं.” दोन दिवसांनी हिमानी फोनवर बहिणीला हसत म्हणाली, “आमच्याकडे घरमालक असतात ना बाई,” आणि ते समोरच्या खोलीत ऐकू आलं. रागातलं बोलणं माणूस परत घेऊ शकतो. हसण्यातलं घेता येत नाही, कारण ते दिलंच नव्हतं असं म्हणता येतं.

मारुतीच्या देवळापाशी संध्याकाळी बसणाऱ्या म्हाताऱ्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही. नानाजी तिथले ज्येष्ठ.

“काय गा बाबाराव, पोराजवळून भाडं घेतं म्हणे?”

“कायद्यात बसते, नानाजी.”

“हव, बसते ना. उद्या सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं, तं खोली खाली कर म्हणशीन काय?”

सगळे हसले. बाबारावांनी त्यांना भत्ता, कर आणि करार समजावून सांगितलं. समजावल्यावर ते प्रकरण आणखी वाईट दिसायला लागलं.

खिचडी ठरल्याप्रमाणे दर मंगळवारी शिजू लागली. मंगळवारी हिमानी त्यांचा भात टाकेनाशी झाली, यात तिची चूक नव्हती. उन्हाळ्यात मागच्या खोलीत एसी बसला आणि हवा जाऊ नये म्हणून मधलं दार लोटलं जाऊ लागलं. पावसाळा आला तरी दाराची सवय गेली नाही. मग हिमानीला शाळेत नोकरी लागली. “बाबा, सकाळचं तुमचं तुम्ही बघून घ्याल का? माझी फार धावपळ होते. तुमचा ओटा आहेच,” ती दारातून म्हणाली. नाही म्हणायला काही कारण हाताशी नव्हतं. होतं ते त्यांनीच कडप्प्याखाली बसवलं होतं. दिवाळीपर्यंत संध्याकाळही त्यांची त्यांची झाली. कोणी कोणाला जेवायला येऊ नका म्हणालं नाही.

एका रविवारी मधलं दार उघडलं आणि हिमानीने झाकण घातलेली वाटी पुढे केली. “बाबा, गोळाभात.” तेल आधीच ओतलेलं होतं.

बाबाराव वाटीकडे पाहत बसले. शेजारीपाजारी वाटी देणं-घेणं आयुष्यभर चाललं होतं आणि शेजारच्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा रिवाज शोभाताईंनी कधी चुकवला नव्हता. चिमूटभर साखर का होईना, घालायच्या. पण घरातल्या घरात कोणी वाटी भरून परत करतं? त्यांनी वाटी धुतली, पुसली आणि कोरडीठाक परत नेली. “आपल्याच घरात काय भरून द्याचं,” ते जरा मोठ्यानेच म्हणाले.

“असू द्या बाबा,” हिमानी म्हणाली. तिच्या मनात असं काही आलंच नव्हतं.

पुढे दर रविवारी वाटी आली की ते ती रिकामी परत करत. ही त्यांची एकट्याची लढाई होती. समोरच्या पक्षाला ती चालू आहे हे माहीत नव्हतं.

करार झाल्याच्या तिसऱ्या वर्षी दुर्गेश एका संध्याकाळी समोरच्या खोलीत आला. “बाबा, मी नव्या कररचनेत गेलो. तिच्यात घरभाड्याची सूट नाही. आता करार बंद, भाडं बंद.”

“म्हणजे तो कागद नाही राहिला?”

“नाही राहिला.”

बाबारावांनी रेग्युलेटर बंद केला. शेगडी घासली, वाळवली आणि तिच्यावर वर्तमानपत्र झाकलं. बाजारात जाऊन वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणली. आठ वाजता हातपाय धुऊन, पिशवी घेऊन त्यांनी मधलं दार ढकललं.

दुर्गेश-हिमानी जेवत होते. भिंतीकडच्या खुर्चीत इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता.

“बाबा?” हिमानी उठली. “काही पाहिजे होतं का?”

“नाही. करार संपला म्हणे.”

“हो ना,” दुर्गेश म्हणाला. “सुटलो.”

“मंग चूल?”

“चूल काय?” दुर्गेशला खरोखर कळलं नाही. मग कळलं. “अच्छा, ते! राहू द्या ना बाबा. आता जमलं आहे तुमचं. तुमच्या टायमावर, तुमच्या चवीचं. मोडून काय करता?”

हिमानीने कपडे उचलून पलंगावर टाकले. “बसा बाबा, जेवूनच जा आज. दोन पोळ्या टाकते गरम.”

बाबाराव बसले. ताट आलं. पहिला घास मोडता मोडता ते म्हणाले, “तुम्हाले पुरते ना?”

“पुरते हो,” दुर्गेश मोबाइल पाहत म्हणाला.

घास बराच वेळ हातात राहिला.

जेवून ते परत आले, तेव्हा वांग्यांची पिशवी हातातच होती. सकाळी त्यांनी वर्तमानपत्र काढलं आणि भाजी टाकली. करारातलं ते वाक्य आता शब्द न् शब्द खरं होतं. करार तेवढा नव्हता.

रविवारी झाकण घातलेली वाटी आली. बाबारावांनी गोळाभात खाल्ला. वाटी धुतली, पुसली, खिडकीतल्या उजेडात धरून कोरडी झाली का पाहिली. मग साखरेचा डबा उघडला आणि वाटी काठापर्यंत भरली.

मधल्या दारावर त्यांनी टकटक केली. हिमानीने झाकण उचलून पाहिलं.

“बरं झालं बाबा,” ती म्हणाली, “आमची संपतच आली होती.” आणि ओतून घेतली.