दिलीपरावांचा बिबट्या

मी कुणाच्या चौकशा करत नाही हं! पण लंडनच्या स्टॅनमोरमधली ही बुटकी कुंपणं, त्यात आमची एक फळी निखळलेली. शेजारचे किस्से आपोआप साठत जातात. दिलीपराव आणि नीलावहिनींचे तर ढीगभर! दिलीपरावांना केनियात सिंह दिसला, हत्ती, गेंडा, रेडा, सगळं दिसलं. राहिला फक्त बिबट्या. तेवढ्यासाठी माणूस झुरायचा.

*

पहिल्या सफारीचे फोटो त्यांनी टीव्हीवर लावले. एकच झाड. उजवीकडून, डावीकडून, झूम करून!

“झाड छान आहे,” आमचे हे म्हणाले.

“अहो, त्या फांदीवर सकाळी बिबट्या होता! ड्रायव्हरच म्हणाला.”

“मग तुम्ही कधी गेलात?”

“ब्रेकफास्ट करून!”

*

दुसऱ्या सफारीआधी डोळ्यांना सवय हवी म्हणून ते रोज खिडकीतून दुर्बीण लावून बसायचे. मला वाटलं, आमच्यावरच नजर आहे! एकदा वहिनींचा ठिपक्यांचा स्कार्फ मागच्या झाडावर अडकलेला दिसला. मी तो काढला, धुतला, इस्त्री करून नेऊन दिला.

दिलीपराव कळवळले, “सुधाताई, माझा बिबट्या धुतलात?”

*

दुसऱ्यांदाही हात हलवत परतल्यावर त्यांनी पणच केला. बिबट्या दिसेपर्यंत गोड बंद! गणपतीत मोदकाला हात लावला नाही. पुढे ब्लड टेस्टमध्ये शुगर चक्क खाली. जीपी डॉक्टर खूश!

“काय केलंत?”

“बिबट्या दिसला नाही,” दिलीपराव म्हणाले.

*

तिसऱ्या सफारीला आम्हीही गेलो. “ही शेवटची हं. पुढच्या वर्षी नवं किचन करायचंय,” वहिनींनी विमानातच बजावलं होतं.

शेवटचा दिवस. उघड्या छताची व्हॅन. दिलीपरावांच्या हातून कॅमेऱ्याची बॅटरी निसटली आणि सीटखाली गेली. ते खाली वाकून चाचपडत होते, तेवढ्यात ड्रायव्हर जोसेफने व्हॅन थांबवली आणि नुसतं बोट दाखवलं.

आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. बिबट्या! झाडावरून सावकाश उतरला, व्हॅनसमोरून रस्ता ओलांडला, एकदा आमच्याकडे बघितलं आणि गवतात शिरला. आमचे हे फोटो काढत राहिले, दिलीपरावांना हाक मारायचं कुणाला सुचलंच नाही.

“सापडली!” दिलीपराव बॅटरी घेऊन वर आले. “का थांबलो? काय होतं?”

आमच्या ह्यांनी हळूच कॅमेरा पिशवीत सरकवला. जोसेफ हसत मागे वळला, तोंड उघडणार, तोच नीलावहिनी म्हणाल्या, “वॉर्टहॉग! जस्ट अ वॉर्टहॉग!”

जोसेफने वहिनींकडे पाहिलं. मग दिलीपरावांकडे.

“येस सर. व्हेरी बिग वॉर्टहॉग.”

“एका रानडुकरासाठी सगळे उभे?”

“पाय अवघडले होते,” वहिनी म्हणाल्या.

“सगळ्यांचे?”

“सगळ्यांचे!” आम्ही एका सुरात म्हणालो.